मंडपातला पाहुणा आणि त्याचा वेष



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांचा उल्लेख करून विषयाला प्रारंभ करणे औचित्याचे होईल. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. लग्नाला पाहुणा म्हणून जाताना काय नेसावे, काय ल्यावे, डोक्यावर काय ठेवावे, हा घराघरांतून कपाटापुढे उभे राहून पडणारा प्रश्न. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय काम, अशी शंका कोणाच्या मनात आली तर त्यात वावगे काही नाही. परंतु या प्रश्नाने आपल्या समाजात माणसे मोठी केली आहेत, लहान केली आहेत, आणि काही वेळा गावाबाहेरही घालविली आहेत. तोच इतिहास थोडक्यात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

गुरुजी आपल्या विद्यार्थ्यांच्या लग्नाला न चुकता जात. पांढरे धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी हा त्यांचा वेष ठरलेला असे. राजवाड्याजवळच्या वाड्यातले लग्न असो की गिरणीच्या चाळीतले, या वेषात फरक पडत नसे. आम्ही मुले मागे हसत असू. त्या एकाच कोटाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. तो कसा, ते शेवटी सांगेन.

वस्त्र म्हणजे मान

मराठी राज्यव्यवहारात ‘वस्त्रे’ या शब्दाला कापडापलीकडचा अर्थ होता. छत्रपतींकडून पेशवाईची ‘वस्त्रे’ मिळाली म्हणजे अधिकारपद मिळाले. सरदाराला दरबारातून पोशाख मिळणे ही त्याच्या दर्जाची पावती होती. लग्नकार्यात हीच पद्धत घरगुती रूपाने उतरली. व्याह्याला कोणते पागोटे, विहिणीला कोणते लुगडे, मामाला काय, आत्येला काय, याच्या यादी होत. आहेर करणे म्हणजे त्या माणसाचे नात्यातील स्थान मांडवात सर्वांसमक्ष जाहीर करणे. म्हणूनच एका खणावरून किंवा शेल्याच्या काठावरून रुसवे होत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पुरत.

१७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले. लग्न एका मुलाचे होते, पण त्या निमित्ताने सबंध मराठी राज्याची प्रतिष्ठा मांडवात उभी होती. अशा समारंभात कोण कोणाच्या आधी बसला आणि कोणाला कसा पोशाख झाला, ही गोष्ट दरबारातल्या राजकारणापासून वेगळी राहत नसे.

तेव्हा पाहुण्याने काय घालावे हा त्याच्या एकट्याच्या आवडीचा प्रश्न नव्हता. त्याची जात, त्याचा हुद्दा, यजमानाशी असलेले नाते आणि त्या दिवशीचा विधी या चार गोष्टी मिळून त्याचा वेष ठरवीत. पुरुषाने उघड्या डोक्याने मांडवात येणे अशुभ मानले जाई, कारण उघडे डोके हे सुतकाचे लक्षण. मग पगडी आली, पागोटे आले, आणि ते बांधण्याच्या तऱ्हेवरून माणूस कोणत्या प्रांताचा, कोणत्या संस्थानाचा हे दुरूनच कळू लागले. ग्वाल्हेरची शिंदेशाही, इंदूरची होळकरशाही, पुण्याची पुणेरी. प्रत्येकीची घडण वेगळी. आपले पूर्वज नर्मदेच्या उत्तरेला आले, त्यांनी माळव्याची भाषा उचलली, पण लग्नाला जाताना डोक्यावर आपले मूळ आणि आपली नवी चाकरी ही दोन्ही बांधून नेली.

पंक्तीचा वेष आणखी निराळा. अक्षता टाकताना अंगावर असलेला अंगरखा जेवताना चालत नसे. सोवळ्याची पंगत असेल तर मुकटा किंवा कद नेसून पाटावर बसावे लागे. एका दिवसात एकाच पाहुण्याचे दोन-तीन वेष होत आणि ज्याच्याजवळ तितके नसतील त्याची अडचण यजमानाने ओळखून घ्यावी अशी अपेक्षा असे.

आपल्या प्रांतांची देणगी

स्त्रियांच्या वेषात तर आपल्या या दूरस्थ मराठी वसाहतींचा इतिहास विणलेला आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार पाहिला आणि महेश्वर ही आपली राजधानी केली. तेथे विणकर वसविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नर्मदेच्या घाटावरच्या लाटा आणि किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी महेश्वरी लुगड्याच्या काठात उतरली असे विणकर सांगतात. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तरी लग्नाचे लुगडे महेश्वराहूनच यावे ही आपल्या घरांतली समजूत टिकून राहिली. ग्वाल्हेरकरांना शिंदेशाहीतली चंदेरी जवळची. तिचे पोत इतके तलम की उन्हाळ्यातल्या लग्नसराईला तिच्यासारखे वस्त्र नाही. हैदराबादच्या मराठी घरांना पैठण हे निजामाच्या मुलखातले, म्हणून पैठणी ही त्यांना परकी कधीच वाटली नाही. बेळगावकरांना शहापूरच्या मागावरचे लुगडे, इरकली आणि गुळेदगुड्डचा खण घरचा. बडोदेकरांच्या राज्यात तर पाटण होते; तिथला साळवी विणकरांचा पटोळा गुजराती शेजाऱ्यांच्या लग्नातून मराठी बायकांच्या डोळ्यांत भरला.

तेव्हा ‘अस्सल मराठी वेष’ म्हणून आपण जो अभिमानाने मिरवितो, त्याचे धागे किती नद्यांच्या काठांवर कातले गेले आहेत, हे ध्यानात ठेवणे बरे. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईच्या अंगावर तिचे माहेर, सासर आणि त्या दोहोंमधला प्रवास हे सगळे एकत्र दिसत असे.

मनाईचे दिवस

वस्त्राने मान मिळतो, म्हणूनच मान नाकारायचा झाला की प्रथम वस्त्रावर हात पडतो. याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्या मराठी मुलखाच्या कडेची आहेत.

पहिले गोव्याचे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांनी आपल्या जुन्या चालीरीती सोडाव्यात हा त्याचा हेतू होता, आणि त्यातील कितीतरी कलमे लग्नघराशी संबंधित होती. हळद लावणे, पान-सुपारी आणि फुले देणे अशा गोष्टींवर बंदी आली. पुरुषांनी पुडवें म्हणजे धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, हेही त्यात होते. अ. का. प्रियोळकरांनी या इन्क्विझिशनवर १९६१ साली ग्रंथ लिहून हे सर्व लोकांपुढे ठेवले. धर्म बदलला तरी लग्नाला जाताना अंगावर तेच धोतर आणि तीच चोळी येत होती, हीच गोष्ट सत्ताधीशांना खुपली. माणसाच्या श्रद्धेपेक्षाही त्याचा वेष हट्टी असतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

दुसरे उदाहरण परक्या सत्तेचे नाही. ते आपल्या इंदूर संस्थानातले आहे आणि म्हणून ते मी अधिक जड अंतःकरणाने सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिले. ते भाषण होऊ शकले नाही, ते छापून प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी जानेवारी १९२८ मधील वृत्तपत्राच्या आधारे इंदूर जिल्ह्यातील हकीकत दिली आहे. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या काही गावांतील सवर्णांनी बलाई समाजाला कळविले की गावात राहायचे असेल तर काही नियम पाळावे लागतील. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीदार वस्त्रे वापरू नयेत. सवर्णांच्या लग्नात मात्र बलाईंनी वरातीपुढे वाजंत्री वाजवावी. लग्नात हजर राहायचे, पण पाहुणा म्हणून नव्हे; आणि तेही ज्या कपड्यांवर काठ नाही अशा कपड्यांत.

बलाईंनी हे मानले नाही. त्यावर त्यांना विहिरीचे पाणी बंद झाले, गुरांना चराई बंद झाली. दरबाराकडे अर्ज झाले, पण वेळेवर दाद लागली नाही आणि अनेकांना बायकामुलांसह गाव सोडावे लागले. धोतराच्या काठासाठी माणसांनी घर सोडले. काठाचे मोल किती असू शकते हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळले होते.

त्याच वर्षी, म्हणजे मार्च १९२८ मध्ये, इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांचे नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी बडवाह येथे लग्न झाले. तिने हिंदू धर्म स्वीकारला, तिला शर्मिष्ठादेवी हे नाव मिळाले, आणि साडी नेसून ती मांडवात उभी राहिली. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या स्त्रीला आपला वेष देण्याइतका मोठेपणा आपल्या समाजाने दाखविला याचा आनंद मानावा. पण त्याच संस्थानात, त्याच काही महिन्यांत, शेजारच्या खेड्यातल्या माणसाला त्याच वेषाचा काठ नाकारला गेला, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे लागेल.

मांडवाबाहेरच्या बायका

आणखी एक मनाई होती, ती घरातच होती. विधवा स्त्रीला लग्नघरात राबायला जागा होती. मांडवात बसायला नव्हती. तिचे लाल अलवण, तिचे उघडे कपाळ हीच तिची पाहुणी म्हणून असलेली ओळख, आणि ती ओळख अशुभ ठरविलेली. माझी आत्या आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात बुंदीच्या कढईशी बसलेली मला आठवते. मंगलाष्टके सुरू झाली की ती माजघराच्या दाराआड उभी राहून अक्षता मुठीत धरी आणि तिथूनच जमिनीवर टाकी. तिने लग्नाला काय नेसावे, हा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी विचारला नाही.

सुधारकांनी या प्रश्नाला हात घातला तेव्हा पाहुणा असणे हीच परीक्षा ठरली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८६९ साली मुंबईत विष्णुशास्त्री पंडित प्रभृतींच्या पुढाकाराने पुनर्विवाह झाला तेव्हा वधूवरांइतकीच चर्चा निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणारांची आणि हजर राहणारांची झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही बहिष्कार सोसावा लागला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. अशा लग्नाला चांगले कपडे घालून उजळ माथ्याने जाणे म्हणजे आपले मत जाहीर करणे होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या पद्धतीचा पहिला विवाह लावला. त्यात भटजी नव्हता, मानपान नव्हते, खर्च नाममात्र होता. पाहुण्याने मोठे दिसण्याचे कारणच त्या मांडवातून काढून टाकले होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की जातीची ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड चांदी-कथलाचे दागिने सोडून द्या, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. वेष बदलणे हे तिथे मिरविण्यासाठी नव्हते. कोणी वेषावरून जात ओळखून आपल्याला दूर बसवू नये यासाठी होते.

साधेपणाचा मान

वेषाची ही उतरंड मोडायला राजेलोकांचेही थोडे साहाय्य झाले. १९११ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. सर्व संस्थानिकांनी रत्नजडित पोशाखात यावे, हा पाहुण्यांसाठी ठरलेला रिवाज. बडोद्याचे सयाजीराव महाराज साध्या पांढऱ्या वेषात, अपेक्षित जडजवाहीर न घालता पुढे गेले, त्रोटक मुजरा केला आणि पाठ फिरवून परतले. इंग्लंडच्या वृत्तपत्रांत गदारोळ उठला आणि त्यांना खुलासा करावा लागला. तो लग्नाचा मांडव नव्हता, हे खरे. परंतु पाहुण्याचा साधा वेषसुद्धा यजमानाला किती बोलतो, याचे त्याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. याच महाराजांनी १९०४ साली आपल्या राज्यात बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला होता.

पुढे १९२० नंतर खादी आली. पगडी आणि पागोट्याने जे भेद डोक्यावर ठेवले होते, ते पांढऱ्या टोपीने पुसायला सुरुवात केली. लग्नात खादी घालून येणारा पाहुणा हा घरच्या वडीलधाऱ्यांच्या चिंतेचा विषय असे, कारण तो सरकारदप्तरी नोंदला जाण्याची भीती. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. मनात असले तरी मिळेना, अशी स्थिती झाली; आणि जुनी पैठणी, आजीचा शालू यांना नवे आयुष्य मिळाले. उसने लुगडे नेसून लग्नाला जाण्यात त्या काळी कमीपणा वाटत नसे, कारण सगळ्यांचीच तीच गत होती.

त्याच सुमारास नऊवारी मागे पडून सहावारी गोल साडी मांडवात आली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींना ती सोयीची होती. पन्नास-साठच्या दशकांत नायलॉन आणि टेरिलिन आले, पुरुषांनी धोतर सोडून पँट घातली. कधीकाळी ‘भ्रष्ट’ म्हणून ज्या सहावारीला नाके मुरडली गेली, तीच आज ‘पारंपरिक वेष’ म्हणून पत्रिकेवर मागितली जाते. परंपरा म्हणून आपण जे दाखवितो, ते पुष्कळदा आपल्या आजीच्या तरुणपणचे बंड असते.

आजचा मांडव

आपल्या शहरात तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि सीतलामाता बाजार यांतून लग्नसराईत पाऊल ठेवायला जागा नसते. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यांवर जागे होणारे हे शहर. त्यातली हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निवाडा व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षे. ज्यांनी लोकांसाठी कापड विणले, त्यांच्या घरी मुलीच्या लग्नात नवे कापड घेताना हात आखडले, ही गोष्ट या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहे.

आता हळदीला पिवळे, मेंदीला हिरवे, संध्याकाळच्या समारंभाला आणखी काही, असे पाहुण्यांचे रंग पत्रिकेबरोबर कळविले जातात. हौसेला माझा विरोध नाही. आपल्या पूर्वजांनीही एका दिवसात तीन वेष बदलले. फरक एवढाच की मुकटा नसलेल्या पाहुण्याला घरचा मुकटा काढून देण्याची जबाबदारी तेव्हाचा जाणता यजमान आपली मानीत असे. आज ज्याच्याजवळ तो रंग नाही, तो ‘बरे नाही’ असा निरोप पाठवितो आणि घरी बसतो. त्याला कोणी मनाई केलेली नसते. पण मांडवातली त्याची जागा रिकामीच राहते.

आता गुरुजींच्या कोटाविषयी. माझ्या वर्गात गिरणी कामगाराचा एक मुलगा होता. त्याच्या बहिणीचे लग्न चाळीच्या अंगणात झाले. आम्हा मित्रांपैकी काहींनी वाड्यातल्या लग्नासाठी शिवलेले कपडे तिथे घालून जावेत का, यावर खल केला आणि दोघांनी जुनेच घातले. गुरुजी आले ते त्याच कोटात, त्याच टोपीत. आदल्या आठवड्यात एका जहागीरदाराच्या घरी आम्ही त्यांना पाहिले होते तसेच. मुलीच्या वडिलांनी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसविले. वर्षानुवर्षांनंतर तो मित्र मला म्हणाला, “त्या दिवशी माझ्या बाबांनी गुरुजींचा कोट ओळखला. मोठ्या घरी घालतात तोच आपल्याकडे घालून आले, एवढे त्यांना पुरले.”

पाहुण्याने काय घालावे याचे एकच सूत्र सांगायचे झाले, तर ते मी या प्रसंगावरून सांगेन. यजमानाच्या घराकडे पाहून वेष वर-खाली करू नये. स्वच्छ असावे, प्रसंगाला शोभेल असे असावे, वधूवरांहून अधिक उठून दिसू नये, आणि आपल्याला पाहून शेजारी बसलेल्या माणसाने आपली बाही झाकून घेऊ नये. आणि आपण यजमान असू, तेव्हा दाराआड उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा पाहून यावे. माझ्या आत्याच्या हातच्या त्या अक्षता वधूवरांपर्यंत कधी पोचल्या नाहीत. तुमच्या घरच्या मांडवात तसे होऊ नये, एवढीच या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे.